आत्याला साप चावला नव्हता

बाई, तुला जाऊन सतरा दिवस झाले आणि मला एका जागी बसवत नाही. शाळेत फळ्यावर तारीख लिहितो आणि खडू हातात घेऊन खिडकीपर्यंत जाऊन येतो. पाचवीतली पोरं आता हसायचीही बंद झाली आहेत. घरी आलो की गाडी काढतो, कुडव्याच्या चौकापर्यंत जातो आणि काहीच न घेता परत येतो. सुनीता आधी विचारायची, "काय आणलं?" आता विचारत नाही. काल हे लिहायला बसलो तर तीनदा उठलो. एकदा पाण्याची मोटर बंद करायला, एकदा ती खरंच बंद आहे का ते पाहायला, आणि तिसऱ्यांदा कशाला ते आठवत नाही.

तेरवीला लोक आले, जेवले, तुझ्याबद्दल चांगलं बोलले. "बाईसारखा ब्लाऊज कोणी शिवत नव्हतं" म्हणून डोळे पुसणाऱ्यांत त्याही होत्या, ज्यांनी बाही अर्धा बोट आखूड झाली म्हणून तुझ्या दुकानात भांडण केलं होतं. त्यांतल्या एकीनं जाता जाता मला बाजूला घेऊन विचारलं, "माहा अर्धा शिवलेला कपडा कुठी असंन जी?" तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस. मामा म्हणाले, "देवाची करणी होय बाबू, तू का करतं?" सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. खरं तर मला तिथेच, सगळ्यांसमोर, एक गोष्ट सांगायची होती. तोंड उघडलं आणि "वरण फिरवा" एवढंच म्हणालो.

ती गोष्ट आधी तुलाच सांगायला हवी होती. आता सांगतो, पण जरा मागून येऊ दे. एकदम सांगायची माझी हिंमत नाही.

आपण दोघं भावंडं लहान असताना आमगावजवळच्या आपल्या घरी सकाळची चूल तुझ्याकडे होती. पावसाळ्यात लाकडं ओली असायची. तू फुकणी तोंडाला लावून जोरजोरात पाच-सहा फुंका मारायचीस आणि तुझ्या उजव्या हातातून ती लोखंडी नळी गळून खाली पडायची. हात तसाच लोंबायचा. तू डाव्या हातानं तो उचलून मांडीवर ठेवायचीस. दहा मिनिटांत सगळं पुन्हा ठीक. आई म्हणायची, "कामाचं नाव काढलं का इचे नाटकं सुरू." मी सहा वर्षांचा होतो, तू दहाची. मी त्या नाटकाचं नाटक करायचो. हातातली काडी टाकून, हात लोंबकळवत अंगणभर फिरायचो, आणि शेजारची पोरं खिदळायची. तू चिडून मला धरायला धावायचीस, धावून धाप लागली की तुझा हात पुन्हा गळायचा, आणि मग तर आम्ही लोळायचोच. हे आठवलं की मला आजही उठून फिरावं लागतं. आताही फिरून आलो.

तू विसाव्या वर्षात होतीस तेव्हा गोरेगाव तालुक्यातलं स्थळ आलं. चांगली शेती, मुलगा सोसायटीत नोकरीला. साक्षगंधाची तारीख धरली, आईनं पाहुण्यांसाठी तांदूळ निवडून ठेवले. मग गावातल्याच कोणीतरी तिकडे जाऊन सांगितलं की पोरीचा हात लुळा पडतो. त्यांनी भांडण केलं नाही, मध्यस्थाकडून दोन वाक्यांचा निरोप पाठवला. बाबा महिनाभर चावडीवर गेले नाहीत. तू एक दिवस रडलीस आणि दुसऱ्या दिवशी गावातल्या शिंपिणीकडे जाऊन बसलीस. पण त्या दिवसापासून आपल्या घराला एक वळण लागलं. अंगातली गोष्ट घराबाहेर जाऊ द्यायची नाही. असं कोणी बोलून दाखवलं नाही, पाळलं मात्र सगळ्यांनी. सगळ्यांत जास्त मी.

मी डी.एड.ला असताना तुझ्या मशीनच्या आवाजात अभ्यास केला. मशीन थांबलं की तू आतून ओरडायचीस, "पान पलटवलं का, का झोपला?" सुनीता अंगणवाडीत जायची तेव्हा ऋतुजाला तूच वाढवलंस. पोरगी माझी, पण तिला पहिला ताप कधी आला, पहिला दात कोणत्या बाजूचा पडला, हे तुला माहीत. तीही माझं ऐकून तुला बाईच म्हणायची. मी हे कधी तुझ्यासमोर बोललो नाही. आपल्याकडे बहिणीचे आभार कोण मानतं? मानायला पाहिजे होते, बाई.

नऊ वर्षांपूर्वी दुकानात तू ऋतुजाला म्हणालीस, "पाणी दे," आणि कात्रीकडे बोट दाखवलं. तिनं पाणी दिलं. तू पुन्हा म्हणालीस, "पाणी दे," पुन्हा कात्रीकडेच बोट. पंधरा वर्षांची पोर पळत माझ्याकडे आली. गोंदियातून नागपूर. तिथे यंत्रातून काढलेले तुझ्या डोक्याचे फोटो त्या डॉक्टरीणबाईंनी उजेडावर धरले. मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या नळ्या आतून अरुंद होत आलेल्या, आणि त्यांची उणीव भरून काढायला बारीक बारीक शिरांचा झुपका फुटलेला. फोटोत तो धुरासारखा दिसत होता. जपानी भाषेत धुराच्या लोटाला म्हणतात तेच या आजाराचं नाव, मोयामोया. त्यांनी विचारलं, "लहानपणी फुंकर मारताना, रडताना, धावताना यांचा हात गळायचा का?"

तुला बोलता येत नव्हतं. तू माझ्याकडे पाहिलंस. डावा हात उचलून माझ्याकडे बोट केलंस. यानं सांगावं.

मी सांगितलं. त्या म्हणाल्या, जोरजोरात श्वास सोडला की मेंदूच्या शिरा आखडतात, आधीच रक्त कमी, मग मेंदूच्या उलट बाजूचा हात जातो. चूल फुंकणाऱ्या पोरीत हे पहिल्यांदा दिसावं यात नवल नाही. तुझं तोंड एका बाजूला ओढलेलं होतं, तरी तू हसलीस. चार दिवसांनी जीभ वळायला लागली तेव्हाचं तुझं पहिलं सरळ वाक्य होतं, "नाटक नव्हतं ना, बाबू?" मी म्हटलं, नव्हतं. नंतर जिन्यात जाऊन उभा राहिलो. माफी मागायची ती पहिली संधी होती, तीही घालवली.

बायपास म्हटलं की लोकांना हृदयच आठवतं. तुझं ऐकून सगळे छातीकडे पाहायचे आणि तू कानशिलाकडे बोट दाखवायचीस. कवटीवरून, कातडीखालून जाणारी एक रक्तवाहिनी सोडवून घ्यायची, हाडाला खिडकी पाडून आत न्यायची आणि मेंदूवरच्या शिरेला जोडायची. म्हणजे आतली मोठी वाट बंद झाली तरी बाहेरून रक्त जात राहील. जखम भरल्यावर कानाच्या पुढे बोट ठेवलं की तिचे ठोके लागायचे. ऋतुजा तासन्‌तास बोट ठेवून बसायची आणि तू म्हणायचीस, "गिन, एखादा कमी झाला तं डॉक्टरले सांगू." चष्म्याची डावी काडी तू सैल करून घेतलीस. गाडीवर सगळ्या बायका उन्हात स्कार्फ घट्ट बांधून निघायच्या, तू मात्र डोक्यावर पदराची एक घडी टाकून माझ्यामागे बसायचीस, कारण तिथे दाब पडू द्यायचा नव्हता. "गोंदियाच्या पोरीले जपानचा आजार," असं तू गिऱ्हाइकांना सांगायचीस. "आपल्याकडचे लहान आजार मले पटतच नाहीत." आजाराचं नाव बाहेर गेलं म्हणून माझा जीव वरखाली व्हायचा आणि तू बिनधास्त.

आता ती गोष्ट.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं होतं, "घराण्यात कोणाला असं काही? तरुणपणी अचानक पक्षाघात, डोक्यात रक्तस्राव?" मी म्हटलं, कोणी नाही. तू पलंगावर होतीस. तुला यात खोटं काही वाटलंच नसतं, कारण कौसल्या आत्या धानाच्या रोवणीच्या दिवसांत बांधीत, चिखलाच्या शेतात, साप चावून गेली हे आपल्या घरात सगळ्यांना माहीत होतं. आपण दोघं जन्मायच्या आधीची गोष्ट. दर वर्षी रोवणी सुरू झाली की आजी शेताच्या कडेला, धुऱ्यावर, नागोबासाठी दूध ठेवायची. आपणही तिच्यासोबत जायचो.

बाई, आत्याला साप चावला नव्हता.

आईनं मला सांगितलं, तिच्या शेवटच्या आजारात, तुला पक्षाघात व्हायच्या दोन वर्षं आधी. मी तिला पेज भरवत होतो. म्हणाली, कौसल्या चोवीस वर्षांची होती, माहेरी आली होती. रोवता रोवता डोकं धरून खाली बसली, ओकली, एक अंग गेलं आणि दिवस मावळायच्या आत संपली. अंगावर दातांची खूण कुठेच नव्हती. तेव्हा बाबांच्या लग्नाची बोलणी चालली होती. पोरीच्या डोक्यात काही भलतंच झालं असं बाहेर गेलं असतं तर त्या घरात कोणी मुलगी दिली नसती. आजोबांनी सांगून टाकलं, साप. बांधीत साप निघतोच, कोणी दुसरा प्रश्न विचारत नाही. आणि ज्या घरातून मुलगी यायची होती ते घर आईचंच. तिला हे सगळं लग्नानंतर आजीकडून कळलं. मला म्हणाली, "बाईले सांगू नको, ते भेईन." तू कशाला भ्यायली असतीस? भिणारा मीच.

पहिल्या वेळी मी स्वतःला समजावलं की आईला शब्द दिलाय. दुसऱ्या वेळी ते कारणही उरलं नव्हतं. गेल्या सप्टेंबरच्या तपासणीत तुझ्या डोक्यात जोडाच्या जवळच्या शिरेवर एक छोटा फुगा दिसला. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, शिरेची भिंत एका जागी पातळ होऊन बाहेर फुगते, तिला अॅन्युरिझम म्हणतात. नव्या वाटेनं रक्त जोरानं येतं, त्या भागात असं क्वचित होतं. काहींचा फुगा वर्षानुवर्षं तसाच राहतो, काहींचा फुटतो. कोणाचा फुटणार हे आधी कळत नाही. रक्तदाब हे एक कारण, जन्मानं आलेला भिंतीचा कच्चेपणा हे दुसरं, आणि त्यासाठी त्यांनी तुझं रक्त जनुकांच्या तपासणीला पाठवलं. महिन्याभरानं उत्तर आलं. एका जनुकात बदल सापडला. मोयामोयाच्या पुष्कळ रोग्यांत तो सापडतो. तो असला म्हणजे आजार होतोच असं नाही, अनेकांना जन्मभर काही होत नाही. पण बायपासनंतर फुगा कोणाला येतो आणि यात जनुकांचा हात किती, हे अजून जगभर शोधून राहिलेत, असं त्या सरळ म्हणाल्या. मला त्यांचा हा सरळपणा आवडला होता. तेव्हाही मी सरळ वागलो नाही.

त्यांच्याकडच्या एका मुलीनं आपल्याला समोर बसवून कागदावर घराणं काढलं. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, मेलेल्यावर तिरपी रेघ, आजारी असेल तर आतून काळं. तुला मजा वाटली. आपल्या वंशावळी राखणारे भाट दर काही वर्षांनी माळव्यातून गावात यायचे, पोथी उघडून बापापासून पणजोबाच्या बापापर्यंत नावं वाचायचे आणि घरात झालेला नवा मुलगा लिहून घ्यायचे. त्या पोथीत माझं नाव आहे, तुझं नाही. तू त्या मुलीला म्हणालीस, "या कागदावर बायका पण लिहितेत? मंग माही जागा मोठी काढ." तिनं बाबांच्या शेजारी आत्याचा गोल काढला, तिरपी रेघ मारली आणि विचारलं, "या कशानं गेल्या?"

तू लगेच म्हणालीस, "साप."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिनं गोलाखाली लिहिलं, सर्पदंश. सुरेख अक्षर होतं तिचं. पेन कागदावरून उचललं जाईपर्यंत मला वेळ होता, बाई, आणि मी ते अक्षर पाहत बसलो. तेव्हा तिरोड्याच्या मुलाकडचे लोक ऋतुजाला पाहून गेले होते आणि होकार यायचा होता. डॉक्टरीणबाईंनी सहा महिन्यांनी पुन्हा फोटो काढू म्हणून सांगितलं. रक्तदाबाच्या गोळ्या वाढवल्या.

नोव्हेंबरात ऋतुजाला घेऊन आपण कारनं नवेगाव बांधच्या तलावावर गेलो तो दिवस तुला आठवत असेल. माझ्या डोक्यातून तर तो जातच नाही. तलावाच्या पाळीवर उकडलेले शिंगाडे घेतले. तू पाण्याकडे पाहत म्हणालीस, "नवा पाट काढला का पाणी जिथं पडते तिथली माती आधी खचते. माहं तसंच होय." मग एक शिंगाडा सोलून माझ्या हातावर ठेवलास आणि म्हणालीस, "तू रक्त दे."

मी म्हटलं, कायले?

"तुह्यात नसंन तं ऋतुजाले भेव नाही. असंन तं तिचे फोटो काढू, नजर ठेवू. डॉक्टरनं सांगतलं ना?"

"अन् तिकडच्या लोकायले समजलं तं? तुहं काय झालं ते इसरली का?"

तू शिंगाड्याचं काळं साल माझ्या अंगावर फेकलंस. "माहं लग्न मोडलं तं मी मेली का? जे पोरगं एका कागदानं पळते, ते पोरीले आजारपणात पाहीन का? तू पोरीचं नाव घेऊ नको. तू काऊन भेऊन राहिला ते सांग."

मी चिडलो. तुला काय कळतं, बाप तू नाहीस, मी आहे, असं म्हणालो. तुझं तोंड लहान झालं. माझी पोर वाढवलेल्या बाईला मी हे म्हणालो. परतीच्या वाटेवर तू मागच्या सीटवर बसून खिडकीबाहेर पाहत राहिलीस आणि ऋतुजा आरशात माझ्याकडे. नंतर तू तो विषय काढला नाहीस. रोजच्यासारखा डबा भरून द्यायचीस, चहात साखर कमी घातली की टोमणा मारायचीस. मला वाटलं, विसरलीस. आता वाटतं, तू माझी वाट पाहत होतीस.

त्या तपासणीनंतर पाचव्या महिन्यात, दुपारी, दुकानात, सुईत दोरा ओवताना तू म्हणालीस, "लय डोस्कं दुखून राहिलं." मी शाळेतून येईपर्यंत तू बोलत नव्हतीस. नागपूरला पोचलो. दोन दिवस. पुढचं तुला माहीत नाही आणि मला सांगायचं नाही.

तुझे कागद आणायला अकराव्या दिवशी एकटाच गेलो. डॉक्टरीणबाई उभ्या राहिल्या, दुःख झालं म्हणाल्या. मी बसलो आणि सांगून टाकलं. साप नव्हता. दोनदा खोटं बोललो. मग मी विचारलं, "तेव्हाच सांगितलं असतं तर?"

त्या म्हणाल्या, "तर मी कदाचित सहा महिन्यांऐवजी तीन महिन्यांनी बोलावलं असतं. कदाचित फुगा वाढलेला दिसला असता. कदाचित नसता दिसला. दिसला असता तरी तिथे हात घालणं धोक्याचं होतं. मी तुम्हाला हो म्हणू शकत नाही आणि नाहीही म्हणू शकत नाही."

बाई, मी सहा दिवस याच वाक्याभोवती फिरतोय. त्यांनी "तुमच्यामुळे गेल्या" म्हटलं असतं तर मी कुठेतरी बसून रडलो असतो. "तुमचा काही संबंध नाही" म्हटलं असतं तर झोपलो असतो. हे "कदाचित" मला बसूही देत नाही आणि झोपूही देत नाही. निघताना मी त्यांना तो घराण्याचा कागद बाहेर काढायला लावला. त्यांनी सर्पदंश खोडलं, आत्याचा गोल काळा केला, आणि मग तुझ्या गोलावर तिरपी रेघ मारली. त्यांची रेघ मारून होईपर्यंत मी थांबलो.

घरी येऊन सुनीता आणि ऋतुजाला समोर बसवलं. सगळं सांगितलं. सुनीता रडली. ऋतुजा रडली नाही. तिनं विचारलं, "बाईले हे माहीत होतं?"

"नाही."

"म्हणजे बाई मरेपर्यंत सापच समजत होती?"

"हो."

"पप्पा, तुमी माह्या लग्नाचं नाव घेऊन असं केलं. मले विचारलं होतं का?" तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "आता त्याले मी सांगते. तुमी मधात पडू नका. अन् नवेगावले बाई काय म्हणत होती ते मी ऐकलं होतं. आधी तुमचं रक्त. तुमच्यात नसंन तं माह्यात यायचा सवालच नाही. असंन तं माहं काय करायचं ते मी पाहीन."

तिनं त्याच संध्याकाळी तिरोड्याला फोन केला. अंगणात उभी राहून, काही न लपवता, तुझ्यासारखी. तो मुलगा म्हणाला, मला दोन दिवस दे. त्याला आज सहा दिवस झाले. फोन वाजला की आम्ही तिघंही एकमेकांकडे पाहतो आणि तो गॅसवाल्याचा निघतो. पोरगी मात्र जेवते, कॉलेजला जाते, झोपते. तिच्या वाटेची बेचैनी पण मलाच आलेली दिसते.

तू विचारलं होतंस ना, मी का भितो ते सांग म्हणून? खरं सांगतो. पोरीचं लग्न हे वरवरचं होतं. तुझ्या ऑपरेशननंतर मी रोज आंघोळ करताना स्वतःचा उजवा हात वर धरून पाहायचो, गळतो का. डोकं दुखलं की दार लावून पडून राहायचो. वर्गात पोरांना सांगायचो, विज्ञानाला घाबरू नका, आणि स्वतः एक सुई टोचून घ्यायला तयार नव्हतो. माझ्यात निघालं तर काय, एवढंच. तू डोक्यात फुगा घेऊन ब्लाऊज शिवत होतीस आणि मी धडधाकट माणूस कागदाला भीत होतो. तुला ते दिसत होतं. तू ते माझ्या तोंडून ऐकायला मागत होतीस, आणि मी बापपणाचा तोरा मिरवला.

आज सकाळच्या गाडीनं नागपूरला आलो आहे. हे शेवटचं पान इथे बाकावर बसून लिहितोय. अर्ज भरला, सही केली. रक्त घेणारी मुलगी ऋतुजाच्याच वयाची. तिनं दंडाला रबर बांधलं, मूठ आवळा म्हणाली आणि सहज विचारलं, "काका, सोबत कोणी आलंय का? कोणाकोणाला चक्कर येते."

नऊ वर्षं या इमारतीत येऊन मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. सोबत आलेला मीच असायचो. मी म्हटलं, कोणी नाही. तिनं रक्त घेतलं आणि सुई काढली. तुला सांगायचं राहिलेलं एवढंच होतं, बाई, आणि ते ऐकायला तूच पाहिजे होतीस. मले लय भेव लागून राहिलं.